ताटावरचा उपकार

प्रिय धाकटे,

प्रभूमध्ये तुला आणि भावोजींना सलाम. मी मुलाकडे मजेत आहे, काळजी करू नकोस. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस.

बाबांची रीत मी इथेही लावली. जेवणाआधी प्रत्येकाने देवाचा एक उपकार सांगायचा, तोवर कोणी घास घ्यायचा नाही. सगळ्यांचे उपकार मी वहीत लिहून ठेवते. मुलगा रोज नोकरीचं सांगून मोकळा होतो. मी म्हटलं, "अरे, देवालाही आता ते पाठ झालं असेल."

सूनबाईचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, ते तुला कळवलंच होतं. त्याला काल तीन आठवडे झाले. ती टेबलाशी बसायची, पण तोंड उघडत नव्हती. काल मुलगा म्हणाला, "आई, तिला राहू दे ना."

मी म्हटलं, "दुःखात उपकार मानायचे नाहीत, तर मग कधी? तिची ओळ रोज कोरी राहते." अन्न निवत होतं, तरी मी थांबले.

शेवटी तिने डोळे मिटले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "प्रभू, माझ्या बाळाला या टेबलाशी बसावं लागणार नाही, याबद्दल तुझे उपकार मानते."

सवयीने माझ्या तोंडून "आमेन" निघून गेलं.

मग ती पोटभर जेवली. माझं ताट तसंच राहिलं.

वहीत तिची कालची ओळ अजून कोरी आहे. तिथे काय लिहू, ते तूच कळव.

प्रभू तुम्हा दोघांना सांभाळो.

तुझी ताई