उजव्या हातावरची गाठ

६ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू सगळं थट्टेवारी नेतोस, म्हणून पत्र. तुझ्या गाठीचा तुकडा तपासायला माझ्याच प्रयोगशाळेत आला. सख्ख्या भावाचं आपण बघायचं नसतं, पण मी पाहिलंच. पेशी भराभर वाढताहेत, वाटेल तशा पसरल्यात. कागदावर लिहिलंय, गाठ दोन वर्षांची. जुनी गाठ आणि पेशींचा हा धिंगाणा, म्हणजे कर्करोगच धरावा लागतो. महिनाअखेरीस सर्जन गाठीबरोबर हाताचे स्नायूही काढणार म्हणतात. मग तुला शिवणकामाची कात्री धरता येईल का, ते कोणी सांगत नाही.

थकले रे मी. मागच्या सुट्टीत तू बाह्या सरसावून भांडी घासलीस, तेव्हा मला गाठ कशी दिसली नाही? खरं काय ते लिही.

लोभ आहेच, रागही आहे.
ताई

९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाठ जेमतेम तीनेक आठवड्यांची. कापडाचा तागा उतरवताना हात दुकानाच्या दारावर आपटला, त्यानंतर ती आली आणि बघता बघता लिंबाएवढी झाली. भराभर वाढतेय म्हटलं की डॉक्टर घाबरणार, तुला कळणार, तू जेवण सोडणार. म्हणून ठोकून दिलं, दोन वर्षं आहे, कुठे काय करतेय बिचारी! बायको म्हणाली होती, डॉक्टरांपुढे शहाणपणा करू नका.

सध्या गिऱ्हाइकांचे कपडे आधीच कापून ठेवतोय. पुढे माझा हात चालला नाही, तर बायको शिवेल. फार कंटाळा आलाय, ताई.

माया पातळ करू नकोस.
धाकटा

१२ मार्च
चि. धाकट्यास,
गाढवा, आ.

तुझं पत्र घेऊन तडक आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी वेगळे रंग देऊन पेशी पुन्हा तपासल्या. अशी एक क्वचित दिसणारी गाठ असते. काही आठवड्यांत फोफावते, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब कर्करोगाचं सोंग आणते, आणि मग आपली आपण थांबते. अगदी निरुपद्रवी. भराभर वाढणं ही तिची मोठी खूण, आणि नेमकी तीच तू लपवलीस! ऑपरेशन रद्द झालंय. नुसतं लक्ष ठेवायचं.

कळल्याबरोबर दुकानात फोन केला, तो तुझ्या बायकोने घेतला. दोघी रडलो. मागे तुझं मशीन चालू होतं. तुला हाक मारते म्हणाली, तर मीच म्हटलं, थांब जरा. मग कितीतरी वेळ आम्ही दोघी त्याचा आवाज ऐकत राहिलो.

आता भांडायला ये.
तुझी,
ताई