यांच्या अंगावरचा कोट

नोव्हाय, मिशिगन
११ फेब्रुवारी २००६

ती. शोभनावन्संना अहिल्येचा वाकून नमस्कार (कंबर जेवढी वाकते तेवढा).

तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं असताना तुम्ही पापड वाळत घालायला गच्चीवर जाता, हे मला कळलं आहे. रेणूवर रागावू नका, तुमची लेक स्वतःहून चहाड्या करत नाही, मीच फोनवर खोदून विचारलं. आमच्याकडे सगळे बरे. उल्हासचं ऑफिस, आसावरीचं ऑफिस, अंतराची शाळा आणि माझा स्वेटर, असं चौघांचं चाललं आहे. बाहेर बर्फ गुडघाभर आहे आणि पोस्टाची पेटी रस्त्याच्या कडेला आहे, तेव्हा हे पत्र उशिरा पोचलं तर दोष माझा नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघी एकमेकींची तब्येत विचारेपर्यंत कार्डातली मिनिटं संपतात, आणि उल्हास शेजारी बसून मान डोलावत असतो. शिवाय काही गोष्टी तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस मला पस्तीस वर्षांत झालं नाही, ते आता कुठून येणार.

तर झालं असं, की माझ्या फोटोला बक्षीस मिळालं. इथल्या महाराष्ट्र मंडळात परीक्षित नावाचा मुलगा आहे. पुण्याचा, मोटारींच्या कंपनीत ब्रेक तपासतो, एकटा राहतो, म्हणून रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. त्याला फोटोंचं वेड. संक्रांतीच्या कार्यक्रमात स्पर्धा होती, तेव्हा मला म्हणाला, काकू, तुमच्या चेहऱ्यात एक स्टोरी आहे. मी म्हटलं, चेहऱ्यावर चष्मा आहे, बाकी काही असेल तर तो काढल्याशिवाय दिसायचं नाही. त्यानं खरंच काढला. तिथून सगळं सुरू झालं.

मी खिडकीशी बसून लायब्ररीतलं पुस्तक वाचत होते. (तुम्हाला माहीतच आहे, माझी शाळा सातवीत संपली, पुढचं सगळं तुमच्या भावानं माझ्या नावानं वाचनालयाची वर्गणी भरली म्हणून. इथं वर्गणीही नाही. शब्दकोश मांडीवर घेते आणि दिवसाला चार पानं सरकते.) परीक्षितनं पुस्तक काढून घेतलं. वाचणारी बाई वाट बघत असल्यासारखी दिसत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. मग माझी पाचवारी चालेना. मंडळाच्या पेटीतून लावणीच्या नाचाची नऊवारी आली, शिवलेली, मागे चेन असलेली. ती चेन माझ्या पाठीवर निम्म्यातच थांबली, म्हणून वरून शाल. पुढ्यात आसावरीची समई. आणि मला सांगितलं, दूर कुठंतरी बघा, एकदम सॅड. समोर शेजाऱ्याचं गॅरेज आणि त्याचं बर्फ उडवायचं यंत्र होतं. आता त्याच्याकडे बघून कुणाला काय वाटणार? पण गॅसवर आमटी होती आणि ती लागल्याचा वास यायला लागला होता. वन्सं, त्या फोटोत माझ्या डोळ्यांत जी व्याकुळता आहे ती सगळी आमटीची आहे.

कार्यक्रमात फोटो पाहिला तेव्हा मी प्रथम मला ओळखलंच नाही. गॅरेज गेलं होतं. तिथं पिंपळ आला होता, पिंपळामागं मावळणारा सूर्य, आणि माझ्या शेजारी एक रिकामी आरामखुर्ची. आपल्या घरात आरामखुर्ची कधी होती का? हे तर जेवल्यावर सतरंजीवर आडवे व्हायचे. हे सगळं कॉम्प्युटरवर करतात म्हणे, इकडचं कापून तिकडं चिकटवायचं. खाली नाव लिहिलं होतं, ‘वाट’. पहिलं बक्षीस. मी चष्मा लावून जवळ गेले आणि बघत राहिले. सूर्य खिडकीबाहेर, मग खोलीकडच्या गालावर उजेड कुणाचा? समईची सावली खिडकीकडे पडली होती आणि खुर्चीची भिंतीकडे. पिंपळाला भरगच्च पानं, आणि खिडकीच्या कठड्यावर बोटभर बर्फ तसंच राहून गेलेलं. असला पिंपळ आणि असलं बर्फ एका जागी नांदताना मी तरी पाहिलेलं नाही. हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग कपाळाकडे लक्ष गेलं. तिथं टिकली नव्हती.

मी टिकली लावून बसले होते. त्यानं ती पुसली होती. कॉम्प्युटरवर पुसली, तरी पुसली.

यांच्या तेराव्याच्या दिवशी बायका कुजबुजत असताना तुम्ही सगळ्यांसमोर उठलात, डबीतून टिकली काढलीत आणि माझ्या कपाळाला लावून म्हणालात, माझ्या भावाला ही अशीच आवडायची. तेव्हा मी काही बोलले नाही. नंतरही कधी बोलले नाही. ते आज लिहिते आहे, तेव्हा याचीही नोंद असू द्या.

पुढचे चार दिवस आमच्या घरी फोन. फोटो बघून मंडळातल्या बायकांना माझी काळजी लागली. रेखा नावाच्या बाईंनी तर उल्हासला विचारलं, आईंना दिवसभर तिथंच बसवता का? एकीनं डबा पाठवू का म्हणून विचारलं. आसावरी फणकारली. म्हणाली, आई, मी तुम्हाला ड्राइव्ह करून लायब्ररीत नेते, देवळात नेते, आणि लोकांना वाटतंय आम्ही तुम्हाला खिडकीत ठेवून ऑफिसला जातो. तिचं काही चुकलं नाही. ती बिचारी त्या दिवशी घरीच होती, आमटीचं पातेलं तिनंच घासलं.

गेल्या रविवारी परीक्षित जेवायला आला, बक्षिसाच्या आनंदात. मी त्याला वाढलं, आणि मग सावल्या, पिंपळ, बर्फ सगळं एकेक करून सांगितलं. तो ऐकत होता, मधूनच हसत होता. म्हणाला, काकू, ते आर्ट आहे, खरं असायला पाहिजे असं नाही. मी म्हटलं, “असू दे. पण मी कुणाची वाट बघत नाही रे. ज्यांची बघायची, त्यांना दारातून मी स्वतः निरोप दिलाय. आणि टिकली तू मला न विचारता काढलीस.” तो जेवायचा थांबला. मग सॉरी म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमची अंतरा, पाच वर्षांची, टेबलाशी बसून ऐकत होती. फोटोंचा विषय चाललाय म्हटल्यावर तिनं भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे बोट केलं आणि मला विचारलं, “आजी, व्हॉट डिड आजोबा ड्रॉप?”

आजोबांचं काय पडलंय. तिनं यांना पाहिलेलं नाही. व्हिसा मिळाला आणि तीन आठवड्यांत हे गेले. तिचे आजोबा म्हणजे तो हार घातलेला फोटो, खाली काहीतरी शोधणारा. परीक्षितही उठून बघायला गेला. बराच वेळ बघून हळूच म्हणाला, “काकू, राग मानू नका. ही मान या कॉलरची नाही.”

वन्सं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तेराव्याच्या गडबडीत तुम्ही रेणूच्या लग्नाच्या अल्बममधला फोटो स्टुडिओत नेलात, आणि तिथल्या माणसानं यांना कोट आणि टाय घालून दिला. तुम्ही किती हौसेनं केलंत ते मी जाणते. आपला शशिकांत अमेरिकेला जाणार होता, तिथं तो साहेबासारखा दिसला असता, असं तुम्ही म्हणाला होतात. भेटायला येणारे सगळे म्हणतात, किती धीरगंभीर चेहरा. पण हे गंभीर नव्हते. पंगतीत मठ्ठा वाढत होते. उजव्या हातात ओगराळं, डाव्या हातात बादली, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खांद्यावर पंचा, आणि नजर खाली, कारण कुणाच्या तरी वाटीत मठ्ठा नीट पडायला हवा होता. बादलीनं डावा खांदा उतरलेला होता. तो स्टुडिओवाल्यानं सरळ केला.

दोन वर्षं मी रोज त्या कोटाला हार घालते आहे. आणि परवा मी ती बुशशर्टाची कॉलर डोळ्यांपुढं आणायला बसले, मीच उलटवून शिवलेली, तर मला ती आठवेना. मानेवर तीळ कुठल्या बाजूला होता तेही खात्रीनं सांगता येईना. परीक्षितवर मी रागावले, ते निम्मं त्याच्यासाठी होतं. निम्मं कुणासाठी होतं ते कळायला मला पाच वर्षांची पोर लागली.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भावाला कोट घालावासा वाटणं यात वाईट काय आहे. रेणूच्या मुलांना आशीर्वाद. गच्चीवर जाऊ नका.

तुमची
अहिल्या

ता.क. तो अल्बम तुमच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, पैठणीखाली असावा. त्यातला मूळ फोटो, बादलीसकट, कापलेला नसेल तर पाठवा. कापलेला असेल तर दोन्ही तुकडे पाठवा. बाकीच्या फोटोंत हे श्वास धरून उभे आहेत. एवढ्या एकातच त्यांना माहीत नव्हतं.

ता.क. २. कोटाचा फोटो मी काढणार नाही. तो उल्हासच्या खोलीत लावू, म्हणजे तुमचा मान राहील.

ता.क. ३. त्या पंगतीच्या वेळी मी कार्यालयातल्या खोलीत बॅगांची राखण करत बसले होते, म्हणून मी त्या फोटोत नाही. परीक्षितला विचारून ठेवलं आहे. तो म्हणाला, काकू, तुम्हाला काकांच्या शेजारी अगदी बेमालूम उभं करतो. मी वरती जे काही लिहिलं ते लिहिलं. तुम्ही फक्त फोटो नीट बघून कळवा, उजेड कुठल्या बाजूनं येतो. म्हणजे मी इथं खिडकीशी तसं तोंड करून बसेन. टिकली लावून.