उजवं पेडल

आप्पा,

परवा सकाळी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या मुलीला शिकवायला वर घेऊन गेले होते. तिनं विमानाचं नाक जास्तच उचललं, डावा पंख ढासळला आणि विमान गिरकीत पडलं. काचेसमोर उसाची शेतं गरगरायला लागली. पोरगी डावं पेडल दाबून दगडासारखी बसलेली. "पाय काढ!" मी ओरडले. गिरकी मोडायला माझ्या बाजूचं उजवं पेडल दाबायला गेले, तर धक्क्यानं माझा पाय निसटून सीटखाली अडकला. खाली बघते, तर माझं उजवं पेडल आपोआप आत चाललंय, जड माणूस रेटतोय तसं. गिरकी थांबली. मी विमान चालवायची दांडी सावरली. मग त्याच पेडलला दोन हलके ठोके बसले. मला शिकवताना माझी चूक सावरून विमान परत माझ्या हाती देताना तुम्ही पायानं द्यायचा तसे.

उतरल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मी पाय काढलाच न्हाई. तुमचाच पाय लई जोरात आला बघा." मेकॅनिकनं सगळं उघडून बघितलं. दोष काही सापडला नाही.

टिळकवाडीच्या घरात आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही चहा घेत मला सांगत असायचा: पहिल्या विमानांत दांडी एकच. शिकणारा मास्तराच्या मागं बसून त्याच्या खांद्यावरनं हात घालून ती धरायचा. वाऱ्यात शब्द ऐकू यायचा नाही. कैक जण एकटेच शिकले, कैक त्यातच गेले. "मग दोघांची दांडी-पेडलं जोडली गं, तवापास्नं मास्तराला हातापायानं बोलता याय लागलं." पहिल्यांदा विमान उतरवताना मी घाबरून तुमच्याकडं बघितलं, तेव्हा मात्र तुम्ही खेकसलात, "माझ्याकडं काय बघतीस? मी न्हाईच हितं, असं समज!"

शेवटी तुमची वाचा गेली, तरी गोधडीखाली पाय हलायचे. आई म्हणायची, पायात गोळे येतात. मी तिथं बसून बघायची. तुम्ही कुणाला तरी खाली आणत होता.

पोरीला मी सांगितलं, "व्हय, माझाच पाय." तिनं वाकून नमस्कार केला, मी तो घेतला. हे सगळं तुम्हाला लिहितेय खरी, पण पाठवणार कुठं?

आज एकटीच वर गेले. चांगल्या उंचीवर दोन्ही पाय पेडलांवरून काढले आणि वाट बघितली. काहीच हललं नाही. भीती नाही वाटली, आप्पा. तुमचा राग आला.