हे मला काय म्हणतात?

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (हे विचारायचं खातं तुमच्या ताईकडे होतं. आता ते माझ्याकडे आलंय, सांभाळून घ्या.) इकडचं क्षेम म्हणाल तर जेवतो, झोपतो, दार वाजलं की उठतो. घर फार मोठं झालंय.

रविवारी येऊन तुम्ही ताईच्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो शाळेला देणार, म्हणून माझी ही धांदल. आतल्या खोलीत, खिडकीला रजई लावून, ती अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा आवाज त्या यंत्राच्या पोटात आहे. पण यंत्र स्वतः मुकं झालंय, आणि बाहेरच्या खोलीतलं माझं मात्र ठणठणीत बोलतं. तेव्हा तिच्या फाइली माझ्याकडून उघडायच्या, एवढंच काम. तुम्ही फोनवर म्हणालात, 'भावजी, दोन मिनिटांचं आहे.' अहो, उभा जन्म मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडल्या, कुठल्या कुठली माणसं बोलती केली. आणि घरात एका भिंतीआडची दोन यंत्रं एकमेकांना ओळख देईनात!

माझ्या यंत्रात बघावं तर नेटवर्कवर दुसरं कुणी नाहीच. शेजारीणबाईंनी (त्या ऑफिसात हेच काम करतात) निदान केलं, की तिच्या कॉम्प्युटरला आपलं घर ही 'सार्वजनिक' जागा आहे असं सांगितलेलं असणार, म्हणून तो परक्यांना तोंड दाखवत नाही. परका म्हणजे मी. (तिचंही चुकलं नाही. मी, नळवाला, शेजारपाजार, त्या खोलीत कोण कधी घुसेल याचा नेम नव्हता.) ते बदलायचं तर आत शिरायला पासवर्ड हवा. चुकीचा टाकला, तेव्हा यंत्राने तिने लिहून ठेवलेली खूण दाखवली: 'हे मला काय म्हणतात?'

आता आली का पंचाईत! नावाने तर मी तिला कधी हाक मारली नाही. 'अगं' टाकलं, 'अगं ए' टाकलं, 'ऐकलंस का' टाकलं. एकदा तुमच्यासमोर फुशारकीने 'सरकार' म्हणालो होतो, तेही टाकलं. यंत्र ढिम्म. वर म्हणालं, थोड्या वेळाने या. वैतागून चष्मा पुसावा म्हटलं तर चष्माच सापडेना, आणि सवयीने मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, 'अगं, चष्मा कुठेय?'

उत्तर आलं नाही. मग खुर्चीत बसलो आणि अंदाजाने तेच बडवलं: चष्मा कुठेय. यंत्र उघडलं. मेहुणेबुवा, आधी मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

पुढचं सगळं पडद्याला नाक टेकवून, बाई सांगतील तसं केलं. घर 'खाजगी' केलं, फोल्डर शेअर केलं, बाहेर येऊन माझ्या यंत्रावर पुन्हा तोच पासवर्ड दिला. पण चांगली वाचनं तिने पाठवून पुसून टाकलेली. उरलंय एकच फोल्डर, त्याचं नाव 'वाया गेलेलं'.

पहिली फाइल लावली. ती वाचतेय, संथ, एकेक शब्द सोलून दिल्यासारखा. आणि मध्येच लांबून एक रेडा रेकतो: अगं, चष्मा कुठेय? तो रेडा मी. ती थांबते, मला उत्तर देते, आणि रेकॉर्डिंग बंद होतं. दुसरीत छत्री, तिसरीत किल्ल्या, पुढे माझा एक मोजा. सगळ्या फाइली अशाच. तिने वाचलेली पुस्तकं लोकांकडे गेली, आणि माझ्याकडे राहिलं ते माझ्याशी बोललेलं.

असो. काम झालं आहे, काळजी नसावी. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भावजी

ता. क. शेजारीणबाई आता सांगतात, पेनड्राइव्हने हे चुटकीसरशी झालं असतं. कुठे बोलू नका. आणि रविवारी जरूर या, पण कॉम्प्युटर न्यायला येऊ नका. शाळेला मी दुसरा देईन. हल्ली नेटवर्क उघडलं की यादीत माझ्या नावाखाली तिचं नाव दिसतं. तिचा कॉम्प्युटर चालू असेल तोवरच दिसतं.

ता. क. आणखी एक. पहिल्या फाइलीत ती म्हणते, 'कपाळावर बघा.' बघितलं. होता.