रामकलीची शिकवणी

अमरावती, ८ जून २०२५

ती. गोदाआत्यास,
पौर्णिमाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. थकले गं. आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात मेळघाटातल्या आया कोरकू बोलतात, अन् मला ती येत नाही. पुस्तक आणलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. ड्यूटीवरून आलं की पानावरच डोळा लागतो. सेमाडोहची रामकली तर रोज बाळाला घेऊन निघायला बघते. ‘घर जाना’ एवढंच हिंदीत म्हणते. बाळ मुठीएवढं, नेलं तर वाचायचं नाही. सगळे तिला रागावतात. का जायचं, ते कुणालाच कळत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

माया असू दे.
तुझी पौर्णिमा

अकोला, १५ जून

चि. पौर्णिमास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

गुडघे दुखूनच राह्यले, त्याचं काय सांगू! मी नवी नवी बाजारात भाजी घेऊन बसली, तवा बाजूले पापडवाली सिंधीण होती. मी वांगं दाखवून मुद्दाम भलतंच नाव सांगो. थे हासे अन् खरं नाव सांगे. अशीच सिंधी शिकली मी. पुस्तक ठेव बाजूले. चुकीचं बोल, हासू दे त्या बायाईले. काहून सदा तूच त्यायले बाळाचं शिकवतं? त्यायलेबी मास्तरीण होऊ दे. अन् टाइमावर जेवत जाय.

आत्यावर लोभ ठेवजो.
गोदाबाई

अमरावती, ६ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

तुझं ऐकलं. ड्यूटी संपली की चहा घेऊन त्यांच्यात बसू लागले. पहिल्याच दिवशी नाकाला कान म्हटलं, अन् रामकलीच खुदकन हसली. मग तीच मला शिकवू लागली. माझं बरोबर आलं तर हिरमुसायची.

गेल्या आठवड्यात तिला मोडक्या कोरकूत विचारलं, घरी कोण आहे? ती बोलतच राहिली. मला अर्धंच कळलं, पण पुरलं. थोरली पोर शेजारणीकडे टाकून आली होती, अन् ती पोर तापानं फणफणलेली. गावच्या आशा सेविकेला फोन केला. दुसऱ्या दिवशी नवरा पोरीला घेऊन आला. तिलाही औषध सुरू झालं. रामकली आता जायचं नाव काढत नाही. बाळ अंग धरतंय.

मी मात्र थकलेलीच आहे. आज निघताना रामकलीनं हात धरून काहीतरी म्हटलं. सवयीनं मी भलतंच उत्तर दिलं. ती हसली नाही. तिनं माझ्या डोळ्यांखाली बोट फिरवलं अन् तेच पुन्हा सावकाश म्हटलं. घरी जा, झोप.

म्हणून इथंच थांबते. तुझ्या पोरीला विसरू नको.
पौर्णिमा