रुदैनाच्या नावची उत्तरं

इर्बिद, मंगळवार

डॉक्टर लमीसबाई,

तुमच्या मानसिक आरोग्याच्या पाहणीत नाव होतं माझ्या बहिणीचं, रुदैनाचं. तुमच्यासमोर बसले ती मी, हनादी. माझा साखरपुडा तोंडावर होता. घरात आजारी मुलगी आहे हे कळलं असतं, तर मुलाकडची माणसं फिरकली नसती. आईनं तिला मागच्या खोलीत कोंडलं आणि मला दटावलं, "सगळ्याला छान म्हण. जास्त शहाणपणा नको."

झोप छान, भूक छान. तुम्ही कागदावर खुणा करत गेलात, वेलचीची कॉफी दोनदा घेतलीत. अहो, तुम्ही याच गावच्या ना? आमच्यात अशा मुलीला पाहुण्यांपुढे आणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ते दार एकदा ढकलून बघायला काय झालं होतं?

आता तुमच्या अहवालात आमच्या वस्तीतल्या बायका ठणठणीत आहेत म्हणे. जळो तो अहवाल!

रुदैना दाराआडून ऐकत होती. काल तिनं विचारलं, "मरावंसं वाटतं का, या प्रश्नाला माझ्या नावानं काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले."

"आधी मला विचारायचंस तरी."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. गुरुवारी माझं लग्न आहे.

तुमच्या कागदावरची रुदैना,
हनादी