तुळजाबाईंना धीर द्यायला गेलो त्याची हकीकत

पोलादपूर, ता. १९ सप्टेंबर १९२९

तीर्थरूप मुरारीदादा यांस, धाकटा भाऊ सहदेव याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण पाठ अजून वाकत नाही. कारण पुढे येईल.) प्रभुकृपेने इकडे सर्व बरे आहेत आणि मी बरा होत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला मुंबईच्या हवेत वाढला असेल, तर तसे लगेच कळवावे. या चौकशीला कारण आहे.

गेल्या महिन्यात कापडे गावी दरड आली आणि तुळजाबाईंचे भाताचे खाचर दगडांखाली गेले. तुळजाबाई म्हणजे त्या गावातले आपले एकुलते एक ख्रिस्ती घर, आणि त्या घरातले एकुलते एक माणूस. तीन वर्षांमागे त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून गावाने त्यांच्याशी बोलणे टाकले. (बाईंनी मात्र गावाशी बोलणे चालूच ठेवले, उत्तर येवो न येवो.) मिशनच्या साहेबांनी मला लिहिले, जाऊन बाईंना धीर द्या, संकटात देव आपली काळजी वाहतो हे नीट समजावून सांगा. मी तीन दिवस खपून अकरा पानांचा उपदेश लिहिला. तो ऐकताना आमच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले. जांभईनेही येते, हे मला मागाहून सुचले.

कापड्याअलीकडच्या ओढ्याला कमरेएवढे पाणी होते. पलीकडे कोंडाजी नावाचा शेतकरी गवत कापत होता. तो ओरडला, "मास्तर, हितनं नको, वरनं या!" पण विश्वासावर अकरा पाने लिहिणाऱ्याने वळसा घालावा, हे मला शोभेना. मधोमध पाय निसटला. छत्री, वहाणा आणि अकरा पाने सावित्री नदीच्या दिशेने गेली (आता दासगावच्या माशांना धीर मिळाला असेल), आणि मी एका खडकावर पाठ आपटून थांबलो. कोंडाजीने काठीचे टोक पुढे करून मला ओढून काढले. विटाळ नको म्हणून हात दिला नाही. आपल्या लोकांना कोण देतो?

कुडकुडत तुळजाबाईंच्या दारात उभा राहिलो तर त्या म्हणाल्या, "आता ह्याला कोणी पाठिवलान?" मी म्हटले, साहेबांनी, तुम्हाला धीर द्यायला. "बरं, आधी कापडं काढ." त्यांच्या नवऱ्याची धोतरे कधीच गोधडीत शिवली गेली होती. घरात सुके वस्त्र एकच, बाईंचे हिरवे लुगडे. दादा, मी ते नेसलो. खरे म्हणजे त्यांनी नेसवले. मग हीव भरले ते सहा दिवस.

तिसऱ्या दिवशी वाटले, आता आटोपले. तुम्हालाच सांगतो, अकरा पानांतले एकही वाक्य आठवेना. पोरांची तोंडे तेवढी दिसत होती, आणि मी घाबरून रडलो. बाई जवळ बसल्या आणि वर बघून म्हणाल्या, "देवा, खाचर नेलंस, मी काय बोलले नाय. पन ह्यो मास्तर हितं मेला तर ह्याच्या बायकोला काय सांगू? तुझं तू बघ. मी पेज करते." आणि खरोखरच उठून पेज करायला गेल्या! मडक्यात तांदूळ किती उरले होते ते मला पडल्या जागेवरून दिसत होते. मला घास उतरेना. "खा रे," त्या म्हणाल्या, "मडकं मी बघते, आन् माझ्याकडं त्यो वरचा बघतो."

इकडे कोंडाजीने गावात बातमी पोचवली होती, की मास्तर लुगडे नेसून पडलाय. तीन वर्षे त्या उंबऱ्याकडे न फिरकलेल्या बायका बघायला आल्या. पुढे कोंडाजीची आई राहीबाई. दारातून हसल्या, हसता हसता आत आल्या, आणि आत आल्यावर त्यांनाही ते मडके दिसले. दुसऱ्या दिवशी राहीबाईंनी सूपभर तांदूळ आणून ठेवले. "मास्तरासाठी हाय, तुला नाय," असे बजावलेही. पण पेज दोघांची होत राहिली. सहाव्या दिवशी कोंडाजी चार गडी घेऊन खाचरातले दगड काढायला आला. तुळजाबाई बांधावरून त्यांना अखंड सूचना देत होत्या, आणि गडी चक्क उलट उत्तरे देत होते! एकदा पाठ फिरवून बाईंनी पदराने डोळे पुसले.

मी देवाला विचारले, हेच करायचे होते तर मला लुगड्यात का घातलेस? पण अकरा पाने ऐकायला त्या बायका आल्या नसत्या, एवढे मला कळते.

त्याच गड्यांनी मला डोलीतून घरी पोचवले. (माझे कपडे तोवर वाळले होते, हे वहिनींना अवश्य सांगावे.) मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सहदेव

ता. क. साहेबांना अहवाल पाठवला: "भगिनीचे सांत्वन झाले. गावकऱ्यांत मोठी जागृती दिसली." एक अक्षर खोटे नाही. पोशाखाचा तपशील जागेअभावी राहिला.

आणखी एक ता. क. साहेब इतके खूश झाले, की नाताळाआधी मुंबईच्या मेळाव्यात मी भाषण करायचे आणि साक्षीला तुळजाबाईंना आणायचे ठरले आहे. बाई पहिल्या रांगेत बसून मी गाळलेले सर्व सांगणार आहेत. त्यांचा मुक्काम पंधरा दिवस तुमच्याकडे, असे मी कळवून टाकले आहे. तुमची खोली लहान आहे हे मी त्यांच्या कानावर घातले. त्यांनी आजपासूनच वहिनींना धीर मिळावा म्हणून प्रार्थना सुरू केली आहे.